आजीचे दागिने आणि वाड्याचं सागवान: पेटी करू, की टांगायचं कपाट?

अबोली | ११ जून, रात्री १०:१५

गेल्या महिन्यात आईने आजीचे दागिने माझ्या हवाली केले. ठुशी, बोरमाळ, मोत्यांची चिंचपेटी, एक तन्मणी, दोन नथी, चार पाटल्या, कुड्या आणि चांदीत पैंजण, जोडवी, छल्ला. इतकी वर्षं हे सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत बांधून होतं. परवा भाचीच्या साखरपुड्यासाठी डबा उघडला तर नथीची तार तन्मणीच्या सरात अडकलेली. सोडवता सोडवता दोरा तुटला आणि मोती फरशीभर. सगळे सापडले, पण त्याच संध्याकाळी ठरवलं की यांना आता नीट घर करून द्यायचं.

वाडा उतरवला तेव्हा बाबांनी माजघराच्या दाराची चौकट आणि दोन फळ्या ठेवून घेतल्या होत्या. सागवान आहे, वर हिरवा ऑईलपेंट. माझ्याकडे करवत, ड्रिल, गुण्या, दोन क्लॅम्प आहेत. आजवर एक चपलांचा रॅक आणि एक चौरंग केलाय.

तर प्रश्न असे. पेटी करून खणांत आडवे ठेवू, की भिंतीवर आरशाचं कपाट करून आत खुंट्यांना टांगू? आतून मखमल लावतात तीच लावायची ना? आणि सागवान दागिन्यांना चालतं का? बहीण मण्यांचे दागिने करून प्रदर्शनात विकते, तिलाही एक स्टँड करून द्यायचाय, पण ते नंतर.

केशरीगोंडा | ११ जून, रात्री १०:४०

वाचतेय. माझ्याकडेही असाच डबा आहे, फक्त तो श्रीखंडाचा.

रंधा | ११ जून, रात्री ११:३०

ताई, लाकडाला हात लावायच्या आधी जमिनीवर पांढरी चादर पसरा. एकेक दागिना सुटा मांडा, मधे दोन बोटं जागा सोडा आणि प्रत्येकाची लांबी, रुंदी, जाडी वहीत लिहा. बहुतेक जण आधी पेटी करतात आणि मग दागिने तिच्यात कोंबतात. तुम्हाला विकायची पेटी करायची नाहीये. या अकरा-बारा वस्तूंची करायची आहे. मग ठुशीचा खण ठुशीएवढाच का असू नये?

माझा अंदाज सांगतो. नथी, कुड्या, जोडवी यांना २५ मिमी खोली पुरते. माळांना ३५. पाटल्या आडव्या एकावर एक ठेवू नका, घासतात. त्यांना खालच्या खणात आडवा दांडा द्या आणि ८० मिमी तरी उंची सोडा. वरचा ट्रे उचलून बाजूला काढता येईल असा केला की एकाच पेटीत दोन मजले होतात आणि ड्रॉवरच्या भानगडीत पडावं लागत नाही. पहिल्या पेटीला ड्रॉवर करूच नका असं माझं स्पष्ट मत आहे.

आतल्या पडद्या ४ मिमी प्लायच्या किंवा सागाच्याच पातळ पट्ट्यांच्या करा. उभ्या पट्ट्यांना वरून अर्ध्या उंचीपर्यंत खाच, आडव्यांना खालून अर्ध्या उंचीपर्यंत, आणि एकमेकींत बसवायच्या. गोंद लागत नाही, उद्या खण बदलायचे तर सगळी जाळी उचलून बाहेर येते. सगळ्या पट्ट्या एकत्र क्लॅम्पमध्ये आवळून खाचा एकदमच मारा, म्हणजे पुढे-मागे होत नाहीत.

जुन्या चौकटीत खिळे मोडून राहिलेले असतात. करवतीआधी सगळ्या लाकडावरून लोहचुंबक फिरवा. आणि साग तेलकट असतो. जोड चिकटवायच्या अगदी आधी दोन्ही तोंडं थिनरच्या फडक्याने पुसा, नाहीतर फेविकॉल धरत नाही.

घाटमाथा | १२ जून, सकाळी ८:०५

एवढा खटाटोप कशाला? प्लास्टिकचे कप्प्यांचे डबे दोन-तीनशे रुपयांत मिळतात, पारदर्शक, धुता येतात. सोनं लॉकरमध्ये, बाकी डब्यात. माझ्या बायकोचं असंच आहे, काही अडत नाही.

चंद्रकोर | १२ जून, सकाळी ८:५०

अडत नाही हे खरं. पण अबोलीने आजीच्या दाराचं लाकूड आणि आजीची ठुशी यांची गाठ घालायची म्हटलंय. त्याला दोनशे रुपयांचा डबा कसा पुरेल?

शिंपला | १२ जून, दुपारी २:२०

मी संग्रहालयातल्या वस्तूंच्या जतनाचं काम केलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी टांगावं की आडवं ठेवावं ते. तुमच्या यादीतल्या निम्म्या गोष्टी दोऱ्यात गाठवलेल्या आहेत. चिंचपेटी, तन्मणी, ठुशी, बोरमाळ. रेशमाचा दोरा टांगून ठेवला की स्वतःच्या वजनानेच हळूहळू ताणतो, मोत्यांमध्ये फटी पडतात आणि नेमका फासाजवळ तुटतो. गाठवलेलं सगळं आडवं. धातूच्या साखळ्या, मंगळसूत्राची सोन्याची वाटीसाखळी, खोटे दागिने खुशाल टांगा, उलट टांगल्याने गुंता होत नाही.

बोरमाळ आणि ठुशीचे मणी बहुधा पोकळ असतात, आत लाख भरलेली असते. पत्रा पातळ असतो. वर जड तोडे पडले की पोचे येतात, आणि ऊब लागली तर लाख मऊ पडते. म्हणून कपाटात दिवा लावायचा मोह झाला तर गरम होणारा बल्ब नको.

आता लाकूड. कुठलंही लाकूड थोडी आम्लाची वाफ सोडत असतं, बंद पेटीत ती साठते. ओक त्यात सगळ्यांत वाईट. सागही अगदी निर्दोष नाही, पण तुमचं लाकूड जुनं, वाळलेलं आहे, ती जमेची बाजू. मोती हा मुळात कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूचाच भाऊबंद, त्याला आम्ल सोसत नाही. पांढरा गोंद सुकतानाही तशीच वाफ सुटते. म्हणून पेटी झाली की लगेच दागिने भरायची घाई नको, झाकण उघडं टाकून तीन-चार आठवडे हवेशीर जागी ठेवा.

आणि मखमल. सुती असेल, रंग जात नसेल तर हरकत नाही. लोकरीचा नमदा (लोकर दाबून केलेलं जाड कापड) मात्र नको. लोकरीत गंधक असतं, त्याने चांदी काळी पडते. रबराचंही तेच, पैंजणाला रबरबँड गुंडाळून ठेवणाऱ्यांनी आज रात्रीच तो काढावा. सर्वांत निर्धोक म्हणजे मांजरपाट. खळ जाईपर्यंत दोन-तीनदा गरम पाण्यात धुतलेलं, निळीशिवाय. दिसायला साधं, पण दागिना त्यावर उठून दिसतो.

केशरीगोंडा | १२ जून, दुपारी २:४५

रबरबँड काढला. खाली काळी रेघ होती.

लेझरवाला | १२ जून, संध्याकाळी ७:१०

माझा लेझर कटिंगचा छोटा व्यवसाय आहे, त्यामुळे बाजू मांडतो. ३ मिमी एमडीएफमध्ये (लाकडाचा भुसा रेझिनने दाबून केलेली फळी) खाचा अशा नेमक्या येतात की हाताने शक्य नाही. अर्ध्या दिवसात पेटी उभी राहते. सागवान कापून, रंधून, घासून महिना घालवायचा आणि शेवटी पट्ट्या अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे. स्टॉलच्या स्टँडसाठी तर एमडीएफला तोड नाही.

रंधा | १२ जून, रात्री ९:००

स्टॉलच्या स्टँडबद्दल मान्य. कायमच्या पेटीबद्दल नाही. एमडीएफ पावसाळ्यात कडांनी फुगतं आणि एकदा फुगलं की परत बसत नाही. लेझरने जळलेल्या कडेची काजळी कापडाला लागते ती वेगळीच.

शिंपला | १२ जून, रात्री ९:४०

एमडीएफमधल्या रेझिनमधून फॉर्मल्डिहाइड सुटतं, त्याचं पुढे फॉर्मिक आम्ल होतं. प्रदर्शनात दोन दिवस मांडायला काहीच बिघडत नाही. वर्षानुवर्षं झाकण लावून मोती ठेवायला मी वापरणार नाही.

संग्रहालयांत यासाठी एक परीक्षा घेतात. ब्रिटिश म्युझियममधल्या ऑडी यांनी १९७३ साली ती मांडली. जे कापड किंवा लाकूड वापरायचं त्याचा तुकडा, आणि सोबत चांदी, तांबं, शिसं यांचे चकचकीत पत्रे, थोडं पाणी घालून बंद काचेत ६० अंशांवर २८ दिवस ठेवायचे. पत्रा डागाळला तर तो माल बाद. घरी याची गरिबाची आवृत्ती करता येते: घासून लख्ख केलेला चांदीचा तुकडा आणि तुमचं कापड एका काचेच्या बरणीत महिनाभर ठेवा आणि शेजारी दुसऱ्या बरणीत नुसतीच चांदी. फरक डोळ्यांना दिसतो. ऑडीइतकी काटेकोर नव्हे, पण लोकरीची लबाडी उघडी पाडायला पुरते.

लेझरवाला | १२ जून, रात्री १०:०५

हे माहीत नव्हतं. ग्राहकांना मी मोत्यांसाठीही एमडीएफच्या पेट्या दिल्यात. आता निदान प्लायचा पर्याय सुचवत जाईन. धन्यवाद.

रंकाळा | १३ जून, सकाळी ११:१५

कोल्हापुरातून लिहितोय. आमच्याकडं साज आडवा ठेवायचा म्हटलं तर हातभर पेटी लागंल. साजाची एकवीस पानं: दहा दशावताराची, आठ अष्टमंगलाची, माणिक आणि पाचूचं एक-एक आणि शेवटचं डोरलं. पानं एकमेकांवर चढली की कडा वाकतात. आईनं त्याला एक युगत काढलेली. आंब्याच्या लाकडाचा अर्धगोल ओंडका, साधारण मानेच्या घेराचा, वर सुती कापड. साज त्याच्यावर गळ्यात घातल्यासारखा बसतो, दोऱ्यावर ताण नाही आणि पानं आपापल्या जागी. ओंडका पेटीत झोपवून ठेवायचा. चिंचपेटीला हेच करून बघा, ती तशीबी ताठ असते, सपाट ठेवली की सांध्यात वाकायला बघते.

आणखी एक. चांदी वेगळ्या खणात. आमचे मामा हुपरीत पैंजणांच्या कामावर होते, ते सोन्याच्या शेजारी चांदी कधी ठेवू द्यायचे नाहीत. त्यांच्याकडं प्रत्येक नग वेगळ्या कागदात.

अबोली | १३ जून, दुपारी १:००

रंकाळादादा, अर्धगोल ओंडका! चादरीवर मांडून मोजमापं घेताना चिंचपेटीपाशीच अडले होते. ती सपाट होतच नाही, दोन्ही टोकं वर उचलतात. आता कळलं की तिला सपाट करायचंच नव्हतं.

म्हणजे टांगायचं कपाट बाद. पेटीच.

चंद्रकोर | १३ जून, दुपारी १:३०

थांब गं, पूर्ण बाद करू नकोस. रोजचे खोटे दागिने, ऑक्सिडाइज्डच्या माळा यांना टांगणंच बरं. मी दाराच्या मागे एक फळी लावलीय, दीड इंच जाडीची पट्टी आणि तिला थोड्या वर कललेल्या खुंट्या. उंचीचा हिशेब सोपा आहे: माळेच्या निम्मी. ३० इंची मंगळसूत्र टांगलं की १५ इंच खाली येतं. लांब माळा एका टोकाला, आखूड दुसऱ्या टोकाला, म्हणजे खाली तिरकी रेघ होते आणि उरलेल्या तिकोनात कानातल्यांची जाळी बसते.

फक्त बाहेरच्या भिंतीवर नको. पहिल्या पावसात माझ्या फळीच्या मागे बुरशीचा नकाशा उमटला होता. आता मागे बोटभर लाकडी ठोकळे देऊन ती भिंतीपासून सुटी ठेवलीय.

ऑरेंजसिटी | १३ जून, रात्री ८:२५

ओल्या प्रदेशातल्या लोकांनी आमच्याकडची बाजूही ऐकावी. माझ्या बहिणीला रत्नागिरीहून फणसाच्या लाकडाची सुंदर पिवळीधमक पेटी भेट आली होती. भर पावसाळ्यात केलेली. मे महिन्यात नागपुरात तिचा तळ मधोमध फाटला, बंदुकीसारखा आवाज झाला म्हणे. सुताराने बघून सांगितलं की तळाची फळी चारही बाजूंनी गोंदाने पक्की केली होती. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, पण रुंदीत ओलीने फुगतं, उन्हाने आकसतं. त्याला हलायला जागा नाही दिली की ते स्वतःच जागा करतं.

रंधा | १३ जून, रात्री ९:१०

अगदी बरोबर, आणि हे मी आधीच लिहायला हवं होतं. तळाची फळी चौकटीच्या आत खाचेत नुसती सरकवायची, गोंद लावायचा नाही. रुंदीच्या बाजूला दीड-दोन मिमी मोकळं सोडायचं. किंवा तळ प्लायचा करायचा, प्लायचे थर एकमेकांना आडवे असल्याने तो फारसा हलत नाही. झाकणालाही हाच नियम. आणि ताई, तुम्ही जूनमध्ये काम करताय. लाकूड आत्ता फुगलेलं आहे, ट्रे आत्ता घट्ट बसवला तर उन्हाळ्यात खुळखुळेल. फार काळजी करू नका, पण वरचं वाचून ठेवा.

पाटीपेन्सिल | १४ जून, सकाळी ९:३०

एक फार महत्त्वाचं. अबोली, तुम्ही लिहिलंय जुना हिरवा ऑईलपेंट. जुन्या ऑईलपेंटमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता असते. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. वाड्याच्या दाराचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. तो कोरडा घासू नका, मशीनने तर मुळीच नाही. धूळ नाकातोंडात जाते आणि लहान मुलांना ती सर्वांत बाधते. रंग काढायचं रसायन लावून, ओला करून, खरवडणीने काढा. खाली जुनी चादर नाही, प्लास्टिक. सगळा चोथा गुंडाळून टाकून द्या. तोंडाला चांगला मास्क. घरात लहान मूल असेल तर हे काम घरात करूच नका.

अबोली | १४ जून, सकाळी १०:०५

मी काल संध्याकाळी पॉलिश पेपर आणून ठेवला होता. आज सुरुवात करणार होते. घरात चार वर्षांचा मुलगा आहे. मनापासून आभार.

अडकित्ता | १४ जून, रात्री ९:५०

थोडं अवांतर. आपल्याकडे बायकांच्या साजशृंगाराच्या पेटीची मोठी परंपरा होती. फणेरपेटी. झाकणाच्या आत आरसा, झाकण उचललं की तो तिरका उभा राहायचा, खाली कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, फणी यांचे खण. बाईने जमिनीवर बसून वापरायची वस्तू, म्हणून आरशाचा कोन खालून वर पाहणाऱ्या चेहऱ्याचा. पुण्यात राजा केळकर संग्रहालयात जाऊन बघा. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, रोजच्या वापरातल्या असल्या किती वस्तू जमवल्या आणि पुढे सगळा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. अबोली, झाकणात आरसा बसवलास तर आजीला ओळखीचं वाटेल.

कोकणकडा | १४ जून, रात्री १०:३०

अवांतरात भर. सावंतवाडीची चितारआळी पाहिली नसेल त्यांनी पाहावी. लाकडी फळं आणि खेळणी सगळ्यांना माहीत आहेत, पण रंगवलेले चौरंग, पाट, डबेही असतात. माझ्या आईची जोडवी अशाच एका डबीत असायची. डबी फिरवून उघडायची, लहानपणी आम्हाला ती उघडता येत नसे, हेच तिचं कुलूप.

घाटमाथा | १५ जून, सकाळी ७:५०

कुलपावरून आठवलं. एवढी देखणी पेटी समोर ठेवली की चोराला पत्ताच दिल्यासारखं नाही का? आमच्या आजीची पाटली तांदळाच्या डब्यात असायची, तळाशी. दिवाळीत भात शिजताना ती एकदा भांड्यात सापडली होती :)

चंद्रकोर | १५ जून, सकाळी ८:१५

आमच्याकडे तुरीच्या डाळीत! मला वाटतं निम्म्या महाराष्ट्राचं सोनं धान्यात वाढलं असावं.

पण घाटमाथा यांचा मुद्दा खरा आहे. सोनं वर्षभर लॉकरमध्येच राहील. म्हणून वरचा ट्रे असा करावा की कापडासकट उचलून लॉकरमध्ये नेता येईल. लॉकरची आतली मापं आधी घ्यायची. मी घेतली नव्हती आणि ट्रे अर्ध्या इंचाने अडला.

अबोली | १५ जून, सकाळी ११:४०

आजच बँकेत जाऊन फुटपट्टीने मोजून आले. तिथल्या बाई हसल्या, मग त्यांनीच दुसरं टोक धरलं.

बचतगटताई | १७ जून, दुपारी ४:००

बहिणीच्या स्टँडचा विषय मागे पडला, म्हणून लिहिते. मी सात-आठ वर्षं प्रदर्शनांत स्टॉल लावते.

स्टँड कितीही सुंदर असो, तो सपाट होऊन पिशवीत मावला नाही तर तिसऱ्या प्रदर्शनाला घरीच राहतो. ६ मिमी प्लायचे दोन तुकडे, एकाला वरून खाच, एकाला खालून, एकमेकांत घातले की उभा राहतो. खिळा नाही, स्क्रू नाही. एसटीच्या टपावर टाकला तरी मोडत नाही.

मांडणी पायऱ्यांची करा. मागची पायरी गिऱ्हाइकाच्या छातीपर्यंत यावी, पुढची टेबलावर. सगळं टेबलावर सपाट मांडलं की लोक वाकत नाहीत, पुढे जातात. हे मी माझ्या गल्ल्यावरून सांगते.

कानातल्यांसाठी भोकं फार लहान पाडू नका. फिरकीच्या कुडीला २ मिमी भोक लागतं, आकड्याच्या झुमक्याला भोकापेक्षा कडेला बारीक खाच बरी, गिऱ्हाईक एका हाताने काढू शकतं. नथीसाठी मी प्लायचा तुकडा नाकाच्या आकाराचा वगैरे कापायच्या फंदात पडले होते. नको. जाड पुठ्ठ्यावर कापड ताणून नथ त्यात टोचली की पुरे.

रंगाबद्दल माझं ठाम मत आहे: स्टँड दागिन्यापेक्षा शांत असावा. काळं कापड मोत्याला छान, पण काळ्या मण्यांचं काय? मी खादीचा मातकट रंग वापरते, त्यावर सगळंच दिसतं.

बांगड्यांच्या दांड्याला माझ्याकडे जुनं लाटणं आहे. मधे जाड, दोन्ही टोकांना निमुळतं, बांगड्या आपोआप मधेच राहतात.

केशरीगोंडा | १७ जून, दुपारी ४:३०

लाटणं!! आजच सासूबाईंना विचारते कोणतं देताय.

रंधा | १७ जून, रात्री ९:२०

लाटण्याची कल्पना झकास. फक्त जाडी बघा. बांगडीचा आकडा इंचाच्या सोळाव्या भागात असतो. दोन-चार म्हणजे दोन पूर्णांक चार सोळांश, आतून ५७ मिमी. दोन-सहा ६० मिमी, दोन-आठ साडेत्रेसष्ट. म्हणजे दांडा ४५ मिमीच्या वर गेला तर लहान मापाच्या बांगड्या चढवता-उतरवता घासतात. साधारण लाटणं याच्या आतच असतं.

स्टँडसाठी लाकूड विकत घ्यायचं नसेल तर माल येतो त्या खोक्यांचं पाईन मिळतं. परदेशातून आलेल्या खोक्यांवर शिक्का असतो, त्यात एचटी लिहिलं असेल तर ते लाकूड तापवून कीडमुक्त केलेलं असतं. एमबी लिहिलेलं घेऊ नका, ते मिथाइल ब्रोमाइडच्या धुरीचं.

सॅनहोजेकर | १८ जून, सकाळी ६:१०

इथे आमच्या ग्रंथालयाला जोडून सामायिक सुतारशाळा आहे, तिथे मी बायकोसाठी अक्रोडाच्या लाकडाची पेटी केली. एक अनुभव सांगतो. बाहेरून जवसाचं तेल लावलं, रंग अप्रतिम आला, म्हणून हौसेने आतूनही लावलं. आज दोन वर्षं झाली, झाकण उघडलं की तेलाचा वास येतो आणि तोच वास मंगळसूत्राच्या पोतीला लागलाय. आतून तेल लावू नका.

रंधा | १८ जून, रात्री ८:४५

आतून एकतर लाकूड कोरं ठेवा, नाहीतर लाखेचं पॉलिश. २०० मिली स्पिरिटमध्ये ५० ग्रॅम चपडा (लाखेच्या पातळ पापड्या) रात्रभर भिजवा, सकाळी गाळा, सुती बोळ्याने पातळ हात मारा. अर्ध्या तासात सुकतो, वास उडून जातो. अट एकच, लाख स्पिरिटमध्ये विरघळते म्हणून पेटीशेजारी अत्तर-सेंट मारू नका, डाग पडतात.

आणि तेलाचं निघालंच आहे तर: जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना हवेशी संयोग होऊन गरम होतं, बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका. मी एका ओळखीच्या कारखान्यात काळी झालेली भिंत पाहिलीय.

अबोली | २१ सप्टेंबर, रात्री ११:०५

तीन महिन्यांनी परत येतेय. पेटी झाली.

रंग काढायलाच तीन रविवार गेले, गच्चीवर, मुलाला आईकडे पाठवून. खिळे सात निघाले, एक चुंबकालाही सापडला नाही, त्याने करवतीचे दोन दात घेतले. हिरव्या रंगाखाली अजून एक निळा होता आणि त्याखाली लाकूड मधासारखं. चौकटीच्या एका बाजूला खाली आडव्या बारीक रेघा होत्या. आईला दाखवल्या तर म्हणाली, आम्हा भावंडांची उंची मोजायचे तिथे. तो तुकडा रंधला नाही. तसाच पेटीची पुढची बाजू केलाय, सर्वांत खालची रेघ मामाची आहे.

मापं १४ बाय १० इंच, उंची साडेपाच. वर उचलता येणारा ट्रे, लॉकरच्या मापाचा. तळ प्लायचा, खाचेत मोकळा. चिंचपेटीला अर्धगोल ओंडका, चौकटीच्याच तुकड्यातून, त्यावर धुतलेलं मांजरपाट. चांदीला डावीकडचा वेगळा खण. पाटल्यांना लाटणं लावायचं मनात होतं, पण आईचं लाटणं ती देईना, म्हणून सुताराकडून दांडा कातून आणला. झाकणात आरसा आहे.

ट्रेचे दोन कोपरे काटकोनात नाहीत, एका बाजूने कार्डाएवढी फट दिसते. महिनाभर उघडी ठेवली होती. शिंपलाताई, बरणीची परीक्षाही केली. मांजरपाट पास. दुकानदाराने नमदा म्हणून दिलेलं जे होतं त्याच्या बरणीतली चांदी पिवळट झाली.

तन्मणी पटवेकऱ्यांकडून नव्याने गाठवून आणला. ते म्हणाले एक मोती कमी आहे. म्हणजे सगळे सापडले नव्हते.

रंकाळा | २२ सप्टेंबर, सकाळी ७:३०

रेघांचं वाचून गलबलून आलं. फट राहू दे ताई. मोती फ्रिजखाली बघितला का?

शिंपला | २२ सप्टेंबर, सकाळी ९:००

फारच सुंदर. चांदीच्या खणात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवा, मोत्यांच्या खणात मात्र नको, फार कोरडी हवा मोत्यांना मानवत नाही.

अबोली | २२ सप्टेंबर, संध्याकाळी ६:४०

रंकाळादादा, फ्रिजखाली नव्हता. मुलाच्या गोट्यांच्या डब्यात होता. पटवेकऱ्यांकडे परवा परत जातेय.